कमिट केलेलं हरवत नाही, आणि लपतही नाही

वाचकांचे प्रश्न : गिट, गिटहब आणि चौघांचा एकच कोड

या वेळच्या टपालात विद्यार्थ्यांचे प्रश्न जास्त आहेत, काही लहान ऑफिसांतून आले आहेत. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारा प्रोग्राम. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. गिटहबबद्दल जे लिहिलं आहे ते थोड्याफार फरकाने गिटलॅब आणि बिटबकेट या तशाच सेवांनाही लागू पडतं.

प्रश्न : आम्ही चौघी अंतिम वर्षाचा प्रकल्प करतोय. आतापर्यंत कोड गूगल ड्राइव्हच्या सामायिक फोल्डरमध्ये होता. आता सरांनी गिटहब वापरा म्हणून सांगितलं आहे. ड्राइव्हच्या त्याच फोल्डरमध्ये गिट सुरू केलं तर चालेल का? आणि सुरुवात नेमकी कशी करायची?
— अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी, सांगली

चालणार नाही. गिट सुरू केलं की फोल्डरमध्ये 'डॉट गिट' नावाचा लपलेला फोल्डर तयार होतो आणि सगळा इतिहास त्यात राहतो. एका कमिटसाठी, म्हणजे बदलांच्या एका नोंदीसाठी, त्यातल्या कितीतरी लहान फायली ठरावीक क्रमाने लिहिल्या जातात. ड्राइव्हला हा क्रम माहीत नसतो. जी फाइल आधी हाती लागेल ती तो आधी चढवतो, आणि दोघींनी एकाच वेळी काम केलं तर एखाद्या फाइलची दुसरी प्रत करून शेजारी ठेवतो. परिणाम एकच, इतिहास मोडतो. प्रकल्प ड्राइव्हच्या बाहेर, साध्या डिस्कवर काढा.

गिट वेगळं आणि गिटहब वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा. गिट हा प्रोग्राम लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिला. तो तुमच्या लॅपटॉपवर चालतो, कमिट करायला इंटरनेट लागत नाही. गिटहब २००८ साली आलं. ती त्या इतिहासाची एक प्रत ठेवण्याची आणि तिच्यावर बोलण्याची जागा आहे. म्हणजे चौघींकडे पूर्ण इतिहास, आणि पाचवी प्रत गिटहबवर.

एकीने खाजगी रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड आणि इतिहास ठेवायची जागा) तयार करावी आणि तेव्हाच तुमच्या भाषेचा 'गिट-इग्नोर' (गिटने वगळायच्या फायलींची यादी) नमुना निवडावा. हे पहिल्या कमिटच्या आधीच व्हायला हवं. गिट-इग्नोर फक्त नव्या फायली अडवते, एकदा नोंद झालेल्या फाइलवर तिचा काही परिणाम होत नाही. मग सेटिंग्जमधल्या कोलॅबोरेटर्समध्ये जाऊन तिघींना निमंत्रण धाडा. ते ७ दिवसांत स्वीकारलं नाही तर बाद होतं. त्यानंतर प्रत्येकीने 'गिट क्लोन' करून, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून, आपलं नाव आणि ईमेल गिटच्या कॉन्फिगमध्ये घालावं. ईमेल गिटहब खात्याला जोडलेलाच हवा. तो वेगळा असला की कमिट होतात, पण तुमच्या खात्यावर दिसत नाहीत, आणि कोणी किती काम केलं हा प्रश्न निघाला की पंचाईत होते.

रोजची रीत अशी ठेवा. मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, थेट काही लिहायचं नाही. एका कामाला एक ब्रँच, दोन-तीन दिवसांत तिची पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घेण्याची विनंती), दुसऱ्या मैत्रिणीने वाचून मर्ज, म्हणजे मेनमध्ये एकत्र. रिक्वेस्ट लहान ठेवा. २०० ओळी असल्या तर मैत्रीण खरंच वाचते, २,००० असल्या तर 'छान आहे' लिहून मोकळी होते.

कॉन्फ्लिक्ट (दोघींनी एकच ओळ वेगवेगळी बदलल्याचा पेच) येणारच, त्याला घाबरू नका. फाइलमध्ये सात 'पेक्षा लहान' चिन्हांची एक ओळ, मध्ये सात बरोबरच्या चिन्हांची आणि शेवटी सात 'पेक्षा मोठं' चिन्हांची ओळ दिसते. मर्ज करताना वरचा तुकडा तुम्ही उभ्या आहात त्या ब्रँचचा, खालचा बाहेरून येणारा. दोन्ही वाचून हवं ते ठेवा, चिन्हांच्या तिन्ही ओळी पुसा, प्रोग्राम चालवून बघा आणि मगच 'ॲड' व 'कमिट' करा. जावास्क्रिप्ट प्रकल्पातली 'पॅकेज-लॉक' फाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) मात्र हाताने जुळवत बसू नका. आधी मुख्य पॅकेज फाइलमधला कॉन्फ्लिक्ट सोडवा, लॉक फाइल कुठल्याही एका बाजूची घ्या आणि 'एनपीएम इन्स्टॉल' पुन्हा चालवा.

आणखी एक. मोफत खात्यात खाजगी रिपॉझिटरीच्या मेन ब्रँचला कुलूप घालता येत नाही. विद्यार्थ्यांसाठीचा 'स्टुडंट डेव्हलपर पॅक' कॉलेजच्या ओळखपत्रावर मिळतो. ज्या खात्यात रिपॉझिटरी आहे त्याने तो घेतला की ही सोय मिळते.

प्रश्न : पासवर्ड बरोबर असूनही पुश होत नाही, म्हणजे कमिट गिटहबवर चढत नाहीत. लॅबच्या कॉम्प्युटरवर तर भलत्याच मुलाचं नाव दाखवून परवानगी नाकारली जाते. एसएसएच (सुरक्षित जोडणीची दुसरी पद्धत) वापरलं तर 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. चूक कुठे आहे?
— संगणकशास्त्राचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

ही तीन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं : १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. पासवर्डच्या जागी टोकन द्यावं लागतं. सेटिंग्जच्या तळाशी 'डेव्हलपर सेटिंग्ज'मध्ये ते बनवा, एकाच रिपॉझिटरीपुरतं आणि ३० ते ९० दिवसांच्या मुदतीचं. ते एकदाच दाखवलं जातं, तेव्हाच उतरवून ठेवा.

दुसरं : तुमच्या आधी त्या मशीनवर बसलेल्या मुलाचं लॉगिन विंडोजने जपून ठेवलं आहे. कंट्रोल पॅनेल, क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स या वाटेने जा. 'गिट' या शब्दाने सुरू होणारी आणि पुढे गिटहबचा पत्ता असलेली नोंद काढून टाका. उठताना तुमची स्वतःची नोंदही काढा, नाहीतर पुढचा मुलगा तुमच्या नावाने पुश करेल.

तिसरं : बऱ्याच कॉलेजांच्या नेटवर्कवर पोर्ट २२ बंद असतं आणि एसएसएच त्याच वाटेने जातं. गिटहब हीच सेवा पोर्ट ४४३ वरही देतं. तुमच्या होम फोल्डरातल्या 'डॉट एसएसएच' मध्ये 'कॉन्फिग' नावाची फाइल करा. तिला शेपूट नको, नोटपॅड गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लावतं ते काढा. तिच्यात चार ओळी लिहा : होस्ट म्हणून गिटहब.कॉम, होस्टनेम म्हणून एसएसएच.गिटहब.कॉम, पोर्ट ४४३, यूजर गिट. मग 'एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम' चालवा, 'टी' इथे मोठ्या लिपीतला. तुमचं नाव घेऊन 'हाय' आलं की जमलं.

प्रश्न : आमच्या पाच जणांच्या ऑफिसात एकाने फोर्स पुश केलं, म्हणजे गिटहबवरची ब्रँच जबरदस्तीने बदलली, आणि सहकारी मुलीचं दोन दिवसांचं काम गिटहबवरून गेलं. ते परत मिळेल का? आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?
— पुण्याहून एक वाचक

जवळजवळ नक्की मिळेल, कारण ते काम कमिट झालेलं होतं. फोर्स पुशने कमिट पुसले जात नाहीत. ब्रँच ही फक्त एका कमिटकडे बोट दाखवणारी खूण असते. ती खूण हलली, जुने कमिट जागच्या जागी आहेत.

आधी सगळ्यांना थांबवा. कुणी पुल करू नका (गिटहबवरचे बदल आपल्याकडे ओढू नका), रिपॉझिटरी पुसून नव्याने क्लोन करू नका. मग जिचं काम गेलं तिच्याच लॅपटॉपवर बसा. तिथे बहुधा ब्रँच अजून जुन्या जागीच असते. 'गिट लॉग'मध्ये तिचे कमिट दिसले तर 'गिट ब्रँच सुटका' लिहून ताबडतोब नवी ब्रँच करा आणि ती पुश करा. घाबरून तिने आधीच 'रिसेट --हार्ड' केलं असेल, म्हणजे ब्रँच आणि फायली दुसऱ्या कमिटवर नेल्या असतील, तर 'गिट रिफ्लॉग' चालवा. त्या मशीनवर हेड (आपण उभे आहोत त्या कमिटची खूण) कुठून कुठे गेलं त्याची ही रोजनिशी असते. प्रत्येक ओळीच्या डावीकडे सात-आठ अक्षरांचा हॅश (कमिटची ओळखखूण), उजवीकडे त्या वेळी काय केलं ते. तिच्या शेवटच्या कमिटची ओळ शोधा आणि 'गिट ब्रँच सुटका' पुढे तो हॅश लिहा. अशा सुट्या पडलेल्या कमिटच्या नोंदी गिट एरवी ३० दिवस सांभाळतं, त्यामुळे आजच्या आज बसा.

तिचा लॅपटॉप हाताशी नसेल तर गिटहबवर रिपॉझिटरीचं 'ॲक्टिव्हिटी' पान उघडा. तिथे फोर्स पुशची वेगळी नोंद असते आणि आधीचा हॅश मिळतो. पूर्ण ४० अक्षरांचा हॅश घेऊन 'गिट फेच ओरिजिन' पुढे तो लिहिला की जुना कमिट तुमच्या मशीनवर उतरतो.

कमिट न केलेलं काम मात्र वेगळं. फाइल निदान 'गिट ॲड' केलेली असेल तर 'गिट एफएसके --लॉस्ट-फाउंड' तिचा मजकूर शोधून देतो, पण नावाशिवाय, एकेक उघडून ओळखावा लागतो. ॲडही केलं नसेल तर गिटकडे त्याची नोंदच नाही. एडिटरच्या स्थानिक इतिहासात बघा, व्हीएस कोडमध्ये 'टाइमलाइन' नावाचा कप्पा असतो.

हे घडतं कसं? माणूस रीबेस करतो, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या कमिटवर नव्याने रचतो, पुश नाकारलं जातं, पडद्यावर 'नॉन-फास्ट-फॉरवर्ड' असं काहीतरी येतं, आणि कुठेतरी वाचलेलं '--फोर्स' तो लावून टाकतो. ते नाकारणं म्हणजे गिटने केलेली विनंतीच असते : वर काहीतरी नवीन आलं आहे, आधी ते घे. तेव्हा 'गिट पुल --रीबेस' करून पुन्हा पुश करा. स्वतःच्या ब्रँचवर जबरदस्ती करावीच लागली तर '--फोर्स-विथ-लीज' वापरा. तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर वर काही बदललं असेल तर ते अडतं. यातही एक फट आहे. एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल तर गिटला वाटतं की तुम्ही नवं पाहिलं आहे, आणि ते पुढे जाऊ देतं. म्हणून जोडीला '--फोर्स-इफ-इन्क्लूड्स' द्या. हा पर्याय गिट २.३० पासून आहे.

ऑफिसच्या रिपॉझिटरीत मेन ब्रँचवर फोर्स पुश बंद करा आणि किमान एका सहकाऱ्याची मंजुरी सक्तीची करा. खाजगी रिपॉझिटरीसाठी यालाही पैसे भरायचा प्लॅन लागतो. पाच माणसांचे दोन दिवस किती किमतीचे, तो हिशेब मालकांसमोर मांडा.

प्रश्न : सार्वजनिक रिपॉझिटरीत चुकून डेटाबेसचा पासवर्ड आणि क्लाउडची चावी गेली. मी लगेच ती ओळ काढून नवा कमिट केला. आता सुरक्षित आहे ना?
— स्वतंत्र काम करणारा डेव्हलपर, नाशिक

नाही. ओळ आजच्या फाइलमधून गेली, कालच्या कमिटमध्ये ती आहे तशी आहे. सार्वजनिक रिपॉझिटऱ्या चाळून चाव्या शोधणारे प्रोग्राम सतत चालू असतात, त्यामुळे ती चावी दुसऱ्याच्या हाती पडली असंच धरून चाला.

म्हणून आधी क्लाउडच्या कन्सोलमध्ये जाऊन ती चावी रद्द करा, नवी बनवा, डेटाबेसचा पासवर्ड बदला. इतिहास साफ करणं नंतर. तिथल्या वापराच्या नोंदी आणि बिलही तपासा, अनोळखी मशीन चालू झालेली नाहीत ना ते बघा. रद्द केलेली चावी इतिहासात राहिली तरी तिचं कुलूपच उरलेलं नसतं, त्यामुळे अनेकदा एवढंच पुरतं.

फाइलमध्ये ग्राहकांची माहिती असेल तर इतिहासही साफ करायलाच हवा. त्यासाठी 'गिट फिल्टर-रेपो' हे साधन आहे. ते ताज्या क्लोनवर चालवा. त्यानंतर त्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश बदलतात, म्हणून प्रत्येक सहकाऱ्याने जुनी प्रत टाकून नव्याने क्लोन करायचं. एकानेही जुन्या प्रतीतून मर्ज केलं तर घालवलेली घाण परत येते. इतरांनी केलेल्या फोर्कमध्ये (त्यांच्या खात्यातल्या प्रतींमध्ये) आणि जुन्या हॅशच्या पत्त्यावर ती फाइल तरीही दिसू शकते, त्यासाठी गिटहबच्या मदतकक्षाला कळवावं लागतं.

पुढच्यासाठी : चाव्या 'डॉट ईएनव्ही' फाइलमध्ये ठेवा, ती गिट-इग्नोरमध्ये घाला, आणि रिपॉझिटरीत फक्त रिकाम्या जागा असलेला नमुना ठेवा. ती आधीच नोंदली गेली असेल तर 'गिट आरएम --कॅश्ड' करा, फाइल डिस्कवर राहते आणि गिट तिचा नाद सोडतं.

प्रश्न : मशीन लर्निंगच्या मॉडेलची १८० एमबीची फाइल गिटहब घेत नाही. फाइल काढून टाकली, नवा कमिट केला, तरी तीच तक्रार.
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर

कारण वरचंच. पुश करताना मधले कमिटही जातात आणि त्यातल्या एकात ती फाइल आहे. गिटहब ५० एमबीच्या वर इशारा देतं आणि १०० एमबीच्या वर अडवतं. हे कमिट अजून वर गेलेले नसल्याने काम सोपं आहे. 'गिट रिसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन' करा, तुमचे बदल जागेवर राहतील आणि न गेलेले कमिट सुटतील. फाइल गिट-इग्नोरमध्ये घाला, पुन्हा एकच कमिट करा. मॉडेल सोबत ठेवायचंच असेल तर गिट एलएफएस (मोठ्या फायली वेगळ्या ठेवणारी सोय) लावा, पण फाइल ॲड करण्याच्या आधी.

प्रश्न : आम्ही एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो. मराठी नावाच्या फायली गिटमध्ये आकड्यांसारख्या दिसतात, काही फायलींचा फरकच दिसत नाही, आणि काही ओळी बदलल्या म्हणून दाखवतात पण दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या असतात. फॉन्टचा दोष आहे का?
— मराठीकरण करणारा गट, मुंबई

फॉन्टचा दोष नाही. हा प्रश्न आल्याचा विशेष आनंद झाला, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत याचं उत्तर सहसा सापडत नाही.

'म' हे अक्षर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) मध्ये तीन बाइट घेतं. गिट अशा बाइट फाइलच्या नावात आढळल्या की ३४०, २४४, २५६ असे आकडे तिरक्या रेघांसह छापतं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' एकदा चालवा, नावं मराठीत दिसू लागतील.

फरक न दिसणाऱ्या फायली बहुधा यूटीएफ-१६ मध्ये साठवलेल्या आहेत. जुन्या नोटपॅडमधला 'युनिकोड' हा पर्याय म्हणजे हाच, आणि विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये 'पेक्षा मोठं' चिन्हाने फाइलमध्ये उतरवलेला मजकूरही असाच साठतो. त्यात शून्य बाइट असतात. गिट फाइलच्या सुरुवातीच्या ८,००० बाइटमध्ये शून्य बाइट दिसली की तिला बायनरी, म्हणजे मजकूर नसलेली, समजतं. एडिटरमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून साठवा.

हुबेहूब ओळींचं कोडं खास आपलं आहे. 'दुसऱ्या' मधला र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा 'ऱ', मग हलन्त, मग 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक आणि 'य' : दुसर्‍या. पडद्यावर फरक शून्य, बाइट मात्र वेगळ्या. शिवाय 'ऱ' हेच एक अक्षर किंवा 'र' अधिक नुक्ता असंही साठू शकतं. म्हणजे 'वऱ्हाड' नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात, आणि शोध घेतला तर एकच सापडते. तुमच्या गटात प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा आहे, त्यामुळे हे होत राहणार. 'ऱ' हे एकच अक्षर वापरायचं असं ठरवा, रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहा. लहान स्क्रिप्टने सगळ्या फायली एकदा एकसारख्या करा आणि हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा. भाषांतराच्या दुरुस्त्या त्यात मिसळल्या तर तपासणाऱ्याला खरा बदल दिसणारच नाही.

सगळी फाइलच बदललेली दिसत असेल तर तो ओळींच्या शेवटांचा वाद आहे, विंडोज ओळ दोन खुणांनी संपवतं आणि लिनक्स एका. 'डॉट गिटॲट्रिब्यूट्स' फाइलमध्ये तारका, मोकळी जागा आणि 'टेक्स्ट=ऑटो' एवढी एक ओळ घाला.

प्रश्न : आमच्याकडे नेट सारखं तुटतं. मोठी रिपॉझिटरी क्लोन करताना निम्म्यावर बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. उपाय?
— कुडाळ, सिंधुदुर्ग

तुटलेलं क्लोन गिटला पुढे चालू करता येत नाही, म्हणून घास लहान घ्या. 'गिट क्लोन --डेप्थ १' ने फक्त शेवटचा कमिट येतो. मग नेट चांगलं असेल तेव्हा 'गिट फेच --डीपन १००' पुन्हा पुन्हा चालवून इतिहास टप्प्याटप्प्याने आणा. आलेला टप्पा वाया जात नाही. कुणी ओळखीचा शहरातून येणार असेल तर त्याला 'गिट बंडल क्रिएट' ने सगळी रिपॉझिटरी एका फाइलमध्ये बांधून पेनड्राइव्हवर आणायला सांगा. त्या फाइलवरून क्लोन होतं, नंतर ओरिजिनचा (मूळ रिपॉझिटरीचा) पत्ता बदलून गिटहबचा द्यायचा.

प्रश्न : कोड क्लाउडवर आहेच. मग वेगळा बॅकअप कशाला?
— लघुउद्योजक, कोल्हापूर

कोडच्या प्रती प्रत्येक लॅपटॉपवर असतात हे खरं. पण इश्यू (कामांच्या आणि तक्रारींच्या नोंदी), पुल रिक्वेस्टवरच्या चर्चा, मंजुऱ्या हे गिटमध्ये नसतं. ते त्या सेवेच्या डेटाबेसमध्ये असतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याच्या हातून दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. रोजचे बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हते, आणि तसं सांगणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती म्हणून बाकीचं वाचलं. गिट रिपॉझिटऱ्या सुरक्षित राहिल्या, त्या सहा तासांतले इश्यू आणि शेरे गेले. गिटलॅबने हे सगळं उघडपणे लिहून मांडलं, ते मोलाचं आहे.

तुमच्यासाठी एवढं पुरे : ऑफिसच्या एका मशीनवर 'गिट क्लोन --मिरर' करून ठेवा आणि रोज रात्री 'गिट रिमोट अपडेट' चालवा. आरसा हा आरसाच असतो, वर कुणी फोर्स पुश केलं तर इथली ब्रँचही तशीच हलते. म्हणून दर आठवड्याला '--ऑल' देऊन बंडल करा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि ती वेगळ्या डिस्कवर ठेवा. एलएफएस वापरत असाल तर 'गिट एलएफएस फेच --ऑल' वेगळं चालवावं लागतं, मिररमध्ये त्या मोठ्या फायली येत नाहीत. इश्यू गिटहबच्या एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागायच्या सोयीतून) महिन्यातून एकदा उतरवा. आणि तीन महिन्यांतून एकदा एखादं बंडल रिकाम्या फोल्डरमध्ये क्लोन करून प्रकल्प बिल्ड होतो का ते बघा. गिटलॅबमध्ये नेमकी हीच तपासणी झालेली नव्हती.